तिसरा नियम

पहिला नियम: बंद दाराआड कुठल्याही मुलासोबत एकटं थांबायचं नाही.
दुसरा: घरचं काही विचारायचं नाही; आपणहून सांगितलं तर ऐकायचं.
तिसरा सांगण्याआधी झिंत्राबाईंनी चष्मा काढून पुसला.
"पुन्हा येईन, असं कुणालाही म्हणू नका.
ते वाक्य त्यांना पाठ आहे."

लाटवियातलं तळं. पाइनची झाडं, लाकडी धक्का,
रात्री अकरालाही उजेड निघायचं नाव घेत नाही.
डास आपल्याकडच्यासारखेच, फक्त अंगाने सुखवस्तू.
माझ्या वाट्याला टॉवेल मोजणं
आणि पिशव्यांवर नावं घालणं.

मुलं येतात ती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत सामान भरून.
एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या,
पिशवी तीच, गाठ तेवढी नवी.
इथे प्रत्येकाला जाड कापडाची एक मिळते.
मी लाल दोरा ओवते. साखळी टाका.

राइविस, नऊ वर्षांचा, समोरचा दात पडलेला.
एल्झा, सहाची, त्याची बहीण.
तो सांभाळायला दिलाय समुद्राकाठच्या गावात,
ती पार पूर्वेच्या सीमेकडे.
देश लहान आहे, म्हणतात सगळे.
वर्षातून हे दहा दिवस दोघं एका बाकावर जेवतात,
बीटाचं थंड, गुलाबी सूप.
तिला उकडलेलं अंडं आवडत नाही
म्हणून तिच्या वाडग्यातलं तो न विचारता उचलतो,
तोंडाशी नेतो, थबकतो:
"अजून नाही ना आवडत?"

त्याला माझी भाषा हवी होती. आधी शिवी.
मी 'गाढव' दिलं. दिवसभर पुरलं ते त्याला.
मग अजून एक माग, अजून एक.
त्याचं तोडकं इंग्रजी, माझं त्याहून तोडकं लाटवियन.
म्हटलं, तुमच्यात एकच शब्द, 'मेस'
(मला दर वेळी खानावळ ऐकू येते),
आमच्यात त्याचे दोन.
आपण: ऐकणाराही त्यात धरलेला.
आम्ही: ऐकणारा सोडून.
धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो;
बोट फिरवलं, तू, ती, मी. आपण.
तो बराच वेळ पाण्यात खडे टाकत राहिला.
"म्हणजे कुणाला सोडायचं
ते तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं?"
हो.
"वाईट आहे."
मग एक खडा.
"पण बरंय. कळतं तरी."

शेवटच्या संध्याकाळी दोन्ही पिशव्या घेऊन आला.
दोन्हींवर दोन्ही नावं हवीत.
जागा नव्हती. उसवलं, अक्षरं बारीक केली,
तिच्या नावातला झा त्याच्या स ला टेकला.
दिवा लावावा लागला नाही.

सकाळी गाड्या आल्या.
एकीचं तोंड समुद्राकडे, दुसरीचं उलटं.
एल्झा पट्टा लावून घेईना.

लहानपणी दारातून 'जाते' म्हटलं की आई दटावायची,
जाते काय, येते म्हण.
माझ्या भाषेत निघण्यासाठी दुसरा शब्दच नाही.
ओठ मिटून उभी राहिले, टॉवेलांची टोपली कमरेला.

राइविस आला. एक हात बहिणीच्या डोक्यावर,
एक स्वतःच्या छातीवर.
माझ्याकडे बघून, जपून, एकेक अक्षर:
"आम्ही."

व्याकरण अचूक होतं.
मी मान हलवली, शिक्षकासारखी.

वळणावर गाडीची काच खाली झाली,
मुठीएवढं डोकं बाहेर, आणि अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असं:
गाढव!

दुपारी टॉवेल मोजले.
एकोणचाळीस.
वहीत चाळीस लिहिले.